वेणी धरून

मालवणच्या किल्ल्याहून परतताना आमची होडी बुडाली, तेव्हा मी नवी नवरी होते आणि अक्कल माहेरीच विसरले होते. एका मच्छीमाराने वेणी धरून मला त्याच्या होडीत ओढलं. परक्याने केसांना हात लावला म्हणून मी त्याच्या थोबाडीत मारली! तो शांतपणे म्हणाला, "दुसरी मागसून मार गो, आधी त्या म्हातारीक ओढूक हात दे." दोघांनी मिळून तिला वर घेतलं. नातवंडांना मी इथपर्यंतच सांगते.

किनाऱ्यावर सासूबाई धावत आल्या. "कोणी काढल्यान गो तुका?"

तो समोरच निथळत उभा, गालावर माझी बोटं उमटलेली. लोक काय म्हणतील, या भीतीने मी म्हटलं, "माझी मीच चढलंय."

"व्हय, सून धीराची आसा तुमची," म्हणत त्याने उरलेल्यांसाठी होडी पुन्हा पाण्यात ढकलली.

सासूबाईंनी घरी माझी दृष्ट काढली. आणि मी बया ती काढूनही घेतली.