पिवळी रेघ

त्याला सगळे सायलेन्सर म्हणत. एकाच गॅरेजमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस, पण दिवसभरात त्याच्या तोंडून वीस शब्द निघाले तर त्या दिवशी गिऱ्हाईक फारच पिसाळलेलं असणार असं खुशाल समजावं. बायको होती तोवर ती बिचारी दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली, घर मुकं झालं, म्हणून मुलगी आणि जावई त्याच्याकडे राहायला आले.

जावयाचं मोबाइलचं दुकान होतं, ते बसलं. तेव्हा ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं तो सायलेन्सर मालकापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पोरगा चांगला आहे. माझी हमी." मालकानं त्या हमीवर जावयाला पुढच्या टेबलावर बसवलं. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, गाड्यांचे फोटो काढून गॅरेजच्या फेसबुक पानावर टाकायचे, असं काम. दोन वर्षांत त्याचा मॅनेजर झाला. पाना कुठल्या बाजूनं धरतात हे त्याला धड माहीत नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला पाना लागतोच कुठे?

गॅरेजात एक नियम होता, सायलेन्सरनंच घालून दिलेला. चाकाचे नट लांब पान्यानं आवळायचे. ठरलेला जोर लागला की तो पाना कट्ट वाजतो. वाजला की लगेच पिवळ्या रंगाच्या पेनानं नटावरून चाकावर उतरेल अशी एक रेघ ओढायची. पुढे नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. ज्यानं आवळला त्यानंच रेघ ओढायची, दुसऱ्यानं पेनाला हात लावायचा नाही. रेघ आहे म्हणजे काम झालंय, मग पुन्हा पाना लावणं हा ज्याची रेघ आहे त्याचा अपमान. आणि काही बिघडलंच, तर मालक विचारणार, "रेघ कुणाची?" ज्याची असेल त्यानं "माझी" म्हणायचं. सबब नाही की रडगाणं नाही. सायलेन्सरच्या स्वतःच्या रेघा वाकड्या यायच्या, कारण त्याचा उजवा अंगठा कधीतरी जॅकखाली चेचला होता. कुठलीही गाडी बघून लोक सांगत, ही त्याच्या हातची.

तर दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. दोन दारांची, लांब नाकाची, पळायला वाघ आणि बसायला दिवाणखाना. थंडीत सीट गरम होणार, काच वर केली की बाहेरचं जग गप्प. डॉक्टर पन्नाशीचे झाले होते आणि त्यांच्या मित्रांनी रेसच्या ट्रॅकवर एक दिवस घेतला होता, आपापली गाडी मनसोक्त पळवायला.

"हिला ट्रॅकसाठी तयार करून द्या," डॉक्टर म्हणाले. "मित्र म्हणतात सीट काढ, गालिचा काढ, स्प्रिंगा बदल. तुमचं काय म्हणणं?"

"नको," सायलेन्सर म्हणाला.

"मग?"

"ब्रेक करू. सोमवारी हिच्यातूनच दवाखान्यात जा."

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "तुम्ही पण चला ट्रॅकवर. तुमच्याशिवाय मी गाडी सोडणार नाही." सायलेन्सरनं नुसती मान हलवली, पण त्या दिवशी घरी जाताना तो चक्क शीळ घालत होता. एकतीस वर्षं लोकांच्या वेगवान गाड्या दुरुस्त केल्या, पण त्यातली एकही मोकळी पळताना त्यानं पाहिली नव्हती.

चार दिवस तो त्या गाडीत रमला. जुनं ब्रेक ऑइल थेंबाथेंबानं काढलं. रस्त्यावर ते वर्षानुवर्षं चालतं, पण ट्रॅकवर तापून उकळलं की ब्रेकवरचा पाय नुसता खाली जातो आणि गाडी थांबत नाही. उकळायला जड जाणारं नवं ऑइल भरलं. जास्त ताप सोसणारे पॅड बसवले आणि रिकाम्या रस्त्यावर नेऊन दहा वेळा कचकन वेग तोडून ते रुळवले. परत आला तेव्हा चाकांतून जळका वास येत होता आणि हा लग्नघरातून आल्यासारखा हसत होता. मग गाडीतली सुटी वस्तू न् वस्तू बाहेर काढली. पायपुसणी, जादा चाक, छत्री, सीटखाली सापडलेला नातीचा एक बूट. वळणावर यातलं काहीही घरंगळत पायाखाली आलं की संपलं.

शेवटच्या दिवशी चाकं राहिली. तीन चाकांना पाना लावून झाला, रेघा झाल्या. चौथं, मागचं डावं, नट नुसते हातानं फिरवून बसवलं होतं, तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्नी नातीची छोटी सीट न्यायला आल्या. ती सीट आपल्या गाडीत बांधणं त्यांना जमेना, म्हणून सायलेन्सर पेन तिथेच टायरवर ठेवून बाहेर गेला. पट्टे आवळून परत आला तर चौथ्या चाकावर पाच रेघा होत्या.

तो थबकला. आपण आवळल्याचं त्याला आठवेना. पण गेल्या महिन्यात कपाळावरचा चष्मा त्यानं दोनदा घरभर शोधला होता, आणि मुलगी हसता हसता गंभीर झाली होती. नियम त्याचा स्वतःचा होता. रेघ आहे म्हणजे काम झालंय. त्यानं पेन खिशात घातलं आणि, रेघा वाकड्या की सरळ तेही न बघता, गाडी खाली उतरवली.

ट्रॅकवर तो लोखंडी कठड्याला धरून उभा होता. शेजारी मालक, पलीकडे फोटो काढत असलेला जावई. पहिल्या फेरीला गाडी समोरून गेली आणि सायलेन्सरचे डोळे भरून आले, ते त्यानं कुणाला दिसू दिलं नाही. दुसऱ्या फेरीला त्याच्या कानानं काहीतरी टिपलं. चारी चाकांच्या आवाजात एक बारीक ठकठक. तो दोन्ही हात वर करून ओरडला, "थांबवा! थांबवा तिला!" सायलेन्सर ओरडतोय हे पाहून मालक इतका चकित झाला की काय ओरडतोय ते समजायलाच त्याला वेळ लागला. तोवर गाडी पुढच्या वळणावर गिरकी खाऊन वाळूत शिरली होती.

डॉक्टर चालत बाहेर आले. खरचटलं नव्हतं, पण चेहरा पांढराफटक पडला होता. मागचं डावं चाक वाकडं लोंबत होतं. दोन नट गायब. चाकावर पाचही रेघांचे तुकडे शिल्लक होते, पट्टीनं ओढावेत तसे सरळ.

सायलेन्सरनं एकदा त्या रेघांकडे पाहिलं आणि एकदा जावयाकडे. काल संध्याकाळी गॅरेजच्या पानावर फोटो आला होता, डाव्या बाजूनं काढलेला, दोन्ही चाकांवर पिवळ्या रेघा, खाली लिहिलेलं, "सज्ज!" एका चाकावर रेघा आणि एकावर नाही, हे फोटोत बरं दिसलं नसतं. एवढंच. एवढ्यासाठी एक माणूस मरता मरता राहिला होता.

जावयाची पाचावर धारण बसली होती. सायलेन्सरला ती दिसत होती, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याची कीवच आली. चूक कोण करत नाही? सांगेल, असं त्याला वाटलं.

सोमवारी सगळे कारागीर गोळा करून मालकानं विचारलं, "रेघ कुणाची?"

सायलेन्सर वाट बघत होता. जावई मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता, आणि मोबाइल बंद होता. मालक तर पहिल्यापासून सायलेन्सरकडेच बघत होता. जावयाची हमी आपण दिलेली. मुलीचा संसार याच्या पगारावर. आणि चौथ्या चाकाला पाना न लावता गाडी खाली घेतली ती आपणच, यातून सुटका नव्हती.

"माझी," तो म्हणाला.

एकतीस वर्षांचं नाव एका शब्दात गेलं. मालक काही वाईट बोलला नाही. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, "मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी बस, असं त्याला कुणी सांगितलं नाही, पण चाकाचं काम कुणी देईना. चार दिवस तो फडक्यानं हत्यारं पुसत बसला.

घरी जेवताना मुलीनं एकदाचं तोंड उघडलं. "बाबा, किती वेळा सांगितलं, डोळे तपासून घ्या, विसरायला होतंय तुम्हाला. माणूस मेला असता त्या दिवशी! ह्यांना मान खाली घालावी लागते तिथे, कळतंय का तुम्हाला?"

सायलेन्सरचा हात ताटातच थांबला. सगळं ओठांवर आलं होतं, एक वाक्य पुरलं असतं.

"अगं, त्यांना नको बोलूस," जावई म्हणाला. "वय झालं की होतं असं. बाबा, आता आराम करा तुम्ही. मी आहे ना."

सायलेन्सरनं वर पाहिलं. हा आता नजर चुकवणार, अशी त्याची खात्री होती. जावयानं नजर चुकवली नाही. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी माया होती, म्हाताऱ्या माणसाला समजून घेणाऱ्याची. तो खोटं बोलत नव्हता. चूक म्हाताऱ्याचीच, यावर त्या चार दिवसांत त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता. सायलेन्सरला आयुष्यात कुणाचा इतका तिरस्कार वाटला नव्हता. मुलीनं त्याच्या ताटात वाढलं, आणि तो मुकाट्यानं जेवला.

पुढच्या आठवड्यात तो हत्यारांची पेटी न्यायला गॅरेजात गेला. मालकानं पिवळं पेन जावयाकडे दिलं होतं. आता शेवटची तपासणी मॅनेजर करणार, असा नवा नियम होता. जावई एका गाडीपाशी वाकून नट आवळत होता. सायलेन्सर दारातच उभा राहिला आणि कान देऊन मोजू लागला. पाच नट, पाच वेळा कट्ट. मगच रेघा.

"बघा, कशा सरळ रेघा मारतो," मालक कौतुकानं म्हणाला.

"हो," सायलेन्सर म्हणाला, आणि पेटी उचलून घरी गेला.