चहाबरोबरची पुडी

तो दिवस मी विसरायचा म्हटला तरी घरचे विसरू देत नाहीत, कारण त्या दिवशी मी मुद्देमाल चाखला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बोईसर भागात फौजदार होतो. बाजारपेठेत दातांचा एक नवा दवाखाना निघाला होता. डॉक्टर मुंबईहून आठवड्यातून दोन दिवस येत. त्यांच्या हाताखाली एक तरुण बाई होत्या. डॉक्टरांनी तपासलं की दात खरवडून साफ करायचं काम त्यांचं. रीतसर शिकलेल्या होत्या. अशा बाईंना हायजिनिस्ट म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. तोवर सारं बोईसर त्यांना ‘दातवाल्या बाई’ म्हणायचं.

सकाळी दहाच्या सुमारास आमचा नेहमीचा खबऱ्या, नाक्यावरचा पानवाला, सायकल टाकून ठाण्यात शिरला. “साहेब, चिंचणीहून टेम्पो भरून माणसं आलीत. दातांच्या दवाखान्यावर चाललीत. काल तिथं त्यांच्या एका म्हातारीला विष पाजलं म्हणतात.”

ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद घ्यायला सांगून मी हवालदारासह निघालो. दवाखान्यासमोर तीसचाळीस माणसं. पुढे म्हातारीचा मुलगा. स्वतःची बोट असलेला, दंड माझ्या मांडीएवढे.

“साहेब, काल आयचं दात साफ केलं. तवापासून रगत थांबत नाय. रात्री पालघरला सरकारी दवाखान्यात नेली. या दातवाल्या बाईला आत घ्या, नायतर आमी बगतो.”

“तुम्ही बघू नका, मी बघतो,” मी म्हणालो. असं म्हणायला बरं वाटतं. काय बघायचं ते मलाही माहीत नव्हतं.

गर्दीतला कुणी कारखान्यातला कामगार ओरडला, “साहब, पहले बोतल पकडो, बोतल!”

दवाखान्यात शिरलो, तर बाटली टेबलावरच होती. आत लालभडक पाणी. मुलगा म्हणाला, हेच पाजलं, आईचं तोंड सगळं लाल झालं होतं. मी दोन पंच बोलावले, पंचनामा सुरू केला, बाटली ताब्यात घेतली. मग हुंगून पाहिली. वास येईना. आता विष आहे की नाही हे ठरवायला प्रयोगशाळा असते, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. पण बोट बुडवून जिभेला लावलं. गोडसर लागलं म्हणून आणखी एकदा लावलं.

कोपऱ्यात उभ्या बाई रडवेल्या झाल्या होत्या, तरी त्यांना राहवलं नाही. “साहेब, ते विष नाही. दातांवरचा मळ दिसावा म्हणून लावायचा रंग आहे. जिथे मळ, तिथे लाल.” मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाल्या, “तुम्ही पण एकदा साफ करून घ्या.”

बाहेर आलो तर गर्दी दोन पावलं मागे सरली. फौजदाराचे दात, ओठ, जीभ, सगळं लाल. एक म्हातारा मागच्याला म्हणाला, “बग, सायबालाबी लागला.”

बाईंना ठाण्यात आणणं भाग होतं, त्यांच्याच जिवासाठी. आमच्याकडे महिला पोलीस नव्हती, म्हणून हवालदाराच्या बायकोला घरून बोलावून त्यांच्याशेजारी बसवलं. वरिष्ठांना फोन केला. त्यांनी प्रकरण एका वाक्यात निकाली काढलं, “संध्याकाळपर्यंत गुन्हा नोंदवा, नाहीतर का नोंदवला नाही ते लिहा.” डॉक्टर मुंबईला गेलेले, ट्रंक कॉल लागेना.

मी बाईंची चौकशी सुरू केली. माझी पद्धत अशी की आधी मऊ, मग कडक. मऊ भागातच सगळं संपलं, कारण त्या काहीच लपवत नव्हत्या. म्हातारीचं कार्ड त्यांनी पुढे केलं. नाव, वय, तक्रार. ‘आजार’ पुढे ‘नाही’. ‘औषधं चालू’ पुढे ‘नाही’.

“मी दोनदा विचारलं, साहेब. मावशी, कुठलं औषध चालू आहे का? त्या म्हणाल्या, नाय गं पोरी, मला काय झालंय?”

“औषधाचा आणि दातांचा काय संबंध?”

तेव्हा त्यांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली. शिकत असताना स्वतःच्या हातानं लिहिलेली. भुलेचं इंजेक्शन कोणाला जपून द्यायचं, फिटच्या एका गोळीनं हिरड्या कशा वाढतात, कुठल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, कशानं रक्त गोठायला वेळ लागतो. दात साफ करणाऱ्या माणसाला एवढं माहीत असावं लागतं, याचं मला नवल वाटलं.

“मावशींच्या हिरड्या सुजलेल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “अशा हिरड्यांतून रक्त येतंच, पण ते थांबतं. मी थांबवूनच घरी पाठवलं होतं. पुन्हा का सुरू झालं हेच कळत नाही. साहेब, गुन्हा नोंदवला तर माझं सर्टिफिकेट जाईल. आईनं बांगड्या मोडून शिकवलंय हो मला.”

हवालदाराची बायको पदरानं डोळे पुसायला लागली. मी टोपी घातली आणि जीप पालघरकडे काढली.

म्हातारी पलंगावर बसलेली, गालात कापसाचा बोळा, डोळे मात्र तरतरीत. तिला बोलायला मनाई होती. ती मनाई तिला किती जड जात होती ते तिच्या हातवाऱ्यांवरून दिसत होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्त थोडं आहे, पण थांबत नाही. असंच चाललं तर वयाच्या मानानं काळजी आहे.

मी उशाशी बसलेल्या तिच्या सुनेचा जबाब घेतला. इथे आमच्या खात्यातला एक जुना धडा सांगतो. माणसाला ‘काय झालं’ असं विचारलं की तो त्याला काय वाटतं ते सांगतो. ‘सकाळी उठल्यापासून सांग’ म्हटलं की काय झालं ते सांगतो. सुनेनं तसंच सांगितलं. सासू पहाटे उठते, चूल, चहा, पुडी, मग मासळीच्या टोपल्या, बाजार, परत चहा. काल दवाखान्यातून आल्यावर गरम पाण्यानं चूळ भरली, चहा प्यायली, निजली. मी अक्षरन् अक्षर लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि हात हलवत बोईसरला परतलो. जबाबात काही नाही, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

ठाण्यात आल्यावर बाईंना म्हटलं, “ऐका, काही कळतंय का बघा.” मी वाचायला लागलो. ‘चूल, चहा, पुडी’ वर आलो तर त्या उभ्याच राहिल्या.

“ही पुडी कसली, साहेब?”

“असेल तंबाखूची.”

“विचारलंत?”

नव्हतं विचारलं. वीस ओळींत सापडलेला धागा मी माझ्याच हातानं लिहून, माझ्याच तोंडानं वाचून पुढे चाललो होतो.

हवालदाराची बायको मध्येच म्हणाली, “तंबाखू नसेल, भाऊजी. डोकं दुखल्यावर घेतात ती पांढरी पुडी. वाण्याकडे मिळते. आमच्या पोलीस लाइनीत पण सगळ्या घेतात.”

बाईंनी वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या पुडीत ॲस्पिरिन असतं. दुखणं थांबवतं आणि रक्त गोठणंही अडवतं. “एकच पुडी घेतली तरी असर आठवडाभर राहतो. आणि त्या तर...” त्या थांबल्या. “साहेब, मावशी पालघरच्या दवाखान्यात पण घेत असतील का?”

त्या क्षणी माझी आरोपी जीपमध्ये माझ्या शेजारी बसली, हवालदाराची बायको मागे, आणि आम्ही पालघर गाठलं. गेलो तेव्हा म्हातारीनं बोळा काढून उशीशी ठेवला होता. एका हातात कपबशी, आणि सून कमरेच्या चंचीतून पुडी काढून देत होती.

“मावशी, थांबा!” बाईंनी तिचा हात धरला.

म्हातारीचा मुलगा उसळला, “ही इकडं कशी?” मी त्याला बाजूला घेतलं. जास्त बोलावं लागलं नाही, म्हातारीच बोलत होती.

“अगं पोरी, डोस्का फुटतो सकालचा. पुडी नाय घेतली तर टोपली उचलत नाय.”

“दिवसातून किती, मावशी?”

“चार. कंदी पाच.”

“मी विचारलं होतं ना, औषध घेता का म्हणून?”

“ते औषद कुटं हाय? औषद डाक्टर देतो. पुडी वानी देतो.” म्हातारी माझ्याकडे वळली. “सायब, तुमीच सांगा, चहाबरोबर घेतलेला औषद असतो का?”

माझेही दात अजून लालच होते, म्हणून तोंड मिटून उभा राहिलो.

बाईंनी तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि चंचीच ताब्यात घेतली. मग त्यांच्या परवानगीनं बाईंनी घट्ट घडी करून बोळा जागेवर बसवला आणि म्हातारीला दाबून धरायला लावला. चूळ नाही, गरम काही नाही, बोलणं नाही. शेवटची अट पाळायला दोन माणसं नेमावी लागली. दिवेलागणीला रक्त थांबलं. मुलानं तक्रार मागे घेतली. गुन्हा का नोंदवला नाही हे मी वरिष्ठांना तीन पानं भरून लिहिलं. त्यातून बाटली चाखल्याचा भाग तेवढा वगळला.

बाईंनी मात्र स्वतःला सोडलं नाही. “प्रश्न माझाच चुकला,” त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मी दात साफ करून घ्यायला गेलो तर कार्डावरचा ‘औषधं चालू’ हा रकाना खोडलेला. त्याजागी लिहिलं होतं, ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय जातं?’ मला त्यांनी पाऊण तास जबाबाला बसवलं. विड्या मोजताना मी दोन कमी सांगितल्या, त्या त्यांनी पकडल्या.

नोकरीत मी पुष्कळ लबाड माणसं पाहिली. पण या प्रकरणात कुणीच खोटं बोललं नव्हतं, तरी एक निरपराध मुलगी अडकली असती. लोक आपल्या प्रश्नाला उत्तर देतात, आपल्या मनातल्या प्रश्नाला नाही. ज्या गोष्टीला ते गुन्हा मानत नाहीत ती गुन्हा म्हणून विचारून सापडत नाही, आणि ज्याला औषध मानत नाहीत ते औषध म्हणून विचारून सापडत नाही. त्यांच्या दिवसात शिरावं लागतं, आणि शिरल्यावर कान उघडे ठेवावे लागतात. मला पहिलं येत होतं. दुसरं त्या बाईंकडून शिकलो.

म्हातारीचं रक्त थांबलं त्या रात्री जेवताना बायकोला सगळी हकीकत रंगवून सांगितली होती. सकाळपासून विचारायची माझी पद्धत कशी कामी आली, यावर जरा जास्तच जोर दिला. तिनं ऐकून घेतलं, माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाली, “लग्नाला अकरा वर्षं झाली. एकदा मलाही विचारा की, सकाळी उठल्यापासून. माझ्या तीन होतात, चहाबरोबर.”