बारकीने सोडलेली जागा

तलासरीजवळच्या आमच्या पाड्यावरचं पहिलं चर्च कुडाचं होतं. सागाचे खांब, कारवीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. दर नाताळाआधी बारकी त्या भिंती शेणामातीने सारवायची. वेदीमागची वीतभर जागा मात्र ती मुद्दाम सोडायची. तिथे ओल्या सारवणात तिच्या लेकीचा, पाच वर्षांच्या शुक्रीचा, पंजा उमटला होता. त्याच वर्षी शुक्री तापाने गेली.

बासष्ट साली नवे फादर आले. बारकीकडून तेवढं राहून गेलं असं समजून त्या भल्या माणसाने स्वतःच तिथे सारवणाचा हात फिरवला. मी त्यांना आधी सांगायला हवं होतं, जीभ झिजली नसती माझी.

पुढच्या नाताळाआधी तिने ती जागाही सारवली. मग ओल्या भिंतीवर आपला पंजा टेकवला, बोटं आखडून, होईल तितका लहान करून.