‘पाय ठेवा’ वस्ताद

गाडी दुरुस्त झाली तरी वस्ताद चावी लगेच देत नसत. आधी ड्रायव्हरला सीटवर बसवत. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पॅडल पुन्हा पुन्हा दाबायला लावत आणि ते दगडासारखं कडक झालं की म्हणत, “आता पाय ठेवा. काढू नका. हां, मारा स्टार्टर.” इंजिन सुरू झालं की पायाखालचं पॅडल आपोआप थोडं खाली बसे. त्या वेळी वस्ताद पॅडलकडे बघत नसत, खिडकीतून माणसाच्या तोंडाकडे बघत. तिथं काही उमटलं नाही तर पुन्हा बॉनेट उघडत. पॅडल बसलं म्हणजे बूस्टर काम करतोय, गाडीचा अर्धा जोर ब्रेक लावायला मदतीला आलाय, एवढाच त्याचा अर्थ. लातूरला नांदेडच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्याला पाटी नव्हती. लोक सांगायचे, “गाडी ‘पाय ठेवा’कडं लावलीय.”

त्यांची माझी ओळख झाली ती लातूर जिल्हा नवा होता तेव्हा. कचेऱ्यांवर ताज्या रंगाच्या पाट्या लागत होत्या, उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून लोक खूश होते, आणि त्याच सुमारास पावसानं पाठ फिरवली. आम्ही उदगीरचे. सासऱ्यांचं भुसार दुकान होतं आणि एक लांब नाकाचा जुना ट्रक. ट्रक माझे यजमान चालवत. फेऱ्या, टायर, तेलपाणी, कागदपत्रं हे सगळं माझ्याकडे, कारण यजमानांना उद्याचं आज सुचत नसे. पेट्रोल परवडेना म्हणून आम्ही त्या ट्रकचं इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं. मग हौद्यात लोखंडी टाकी दोरखंडानं बांधली आणि जळकोटच्या बाजूच्या डोंगरावरच्या एका गावाला पाणी पोचवायचं काम घेतलं. त्या गावाला दुसरं पाणी नव्हतं. होती ती एक विहीर, आणि तिच्या तळाशी वाटीनं भरावं लागेल एवढंच.

इंजिन बदलल्यापासून ब्रेक कडक झाला. यजमान म्हणायचे, “पाणी हाय ते, ज्वारीची पोती न्हाईत. पुढं ढकलतंयच.” दोन्ही पाय लावून ते गाडी थांबवत. एकदा रिकामी गाडी उतारावरून येताना वळणावर थांबलीच नाही, बाभळीत जाऊन थांबली. बाभूळ होती म्हणून. त्याच दिवशी मी ट्रकमध्ये शेजारी बसले आणि आम्ही हळूहळू लातूर गाठलं.

वस्तादांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, “आप्पा, हे कोन्या कसायानं केलं?”

“का? चालतंय की इंजिन,” यजमान म्हणाले.

“इंजिन चालतंय. थांबायचं काय?” त्यांनी बूस्टरची नळी बोटानं वाजवून दाखवली. “पेट्रोलवर जिथं जोडली होती, तिथंच जोडून दिली. अरे, पेट्रोलचं इंजिन नाक दाबून श्वास घेतं, म्हनून त्या नळीतून हवा ओढतं. बूस्टर त्या ओढीवर चालतो. डिझेल तर तोंड उघडं टाकून घोरतं. ओढ कुठून येनार? ही नळी म्हंजे कोरड्या हापशाला लावलेली तोटी.”

डिझेलला हवा ओढायला पट्ट्यावर फिरणारा वेगळा पंप लागतो, मधे हवा मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह लागतो, ओढ साठवायला एक छोटा डबा लागतो. हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण यजमान ऐकत नव्हते. शिकवताना वस्ताद फार शिव्या देत, पण शिव्या इंजिनाला असत. चहा सतत लागे, आणि तो गार करूनच पीत. गरम चहानं माणूस घाई करतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांचा. डिझेल वाचवायला आमच्याकडचे सगळेच ड्रायव्हर हे करत, आणि अभिमानानं सांगत. यजमानही बोलून गेले, “घाटात तर मी इंजिन बंदच ठेवतो, वस्ताद. गाडी आपसूक उतरती.” वस्ताद पाना खाली ठेवून त्यांच्यापुढं येऊन बसले. “आप्पा, पंप बसवला तरी इंजिन बंद म्हंजे ओढ बंद. डब्यात साठलेल्यावर दोन-तीन पाय मिळतील. फुडचा पाय दगडावर. आन् मागं पान्याची टाकी, ती हिंदकळती. भाभी, तुमीच सांगा यांना.”

पंप लातुरात मिळेना. जो मिळाला तो या इंजिनाच्या पुलीला बसेना. नांदेडला त्यांच्या जुन्या वस्तादांच्या दुकानात असेल म्हणाले. तेवढ्यात त्या डोंगरावरच्या गावाचे सरपंच गाडी शोधत आले. घामानं भिजलेले, डोळे लाल.

“वस्ताद, तेवढी एक खेप जाऊ द्या. बायका विहिरीत उतरून राहिल्या.”

“ब्रेक न्हाई या गाडीला.”

“आजवर आली की नाही? हळू आणू.”

“पानी भरलं की हळू आसतंय का कुठं, पाटील?”

“गावात तान्ही लेकरं हायत. तुमाला काय, तुमी शहरात नळाखाली बसता.”

वस्तादांनी पक्कड उचलली. गाडीखाली सरपटले आणि ब्रेकचं पॅडल जोडणारी पिन काढून सदऱ्याच्या खिशात घालून बाहेर आले. “मी नांदेडला चाललो,” म्हणाले. सरपंच भडकले. यजमान म्हणाले, “पिनेचं काय, कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरी मिळंल.” मग ते माझ्याकडे वळले. माझी दोन्ही मुलं तेव्हा लहान होती आणि ती बाभूळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी म्हणाले, “गाडी उभी राहू द्या.”

वस्ताद एसटीनं नांदेडला गेले. पहिल्या दुकानात पंप नव्हता, दुसऱ्यानं दिला तो फुटका निघाला, मग कुणाच्या तरी अंगणातल्या भंगार गाडीचा काढून, उघडून, साफ करून आणला. परत यायला तिसरा दिवस उजाडला. हात न धुता कामाला लागले. पंप बसला, व्हॉल्व्ह बसला, डबा चेसिसला आवळला. यजमानांनी पाय ठेवला, स्टार्टर मारला आणि पॅडल बसलं. यजमानांचं तोंड उजळलं. वस्ताद खिडकीत हसत उभे होते, तेव्हाच सरपंचांचा माणूस एसटीतून उतरून धावत आला.

आदल्या दिवशी गावातली एक सून विहिरीत उतरताना दगडावरून घसरली होती. वर काढेपर्यंत गेली.

वस्तादांनी गाडी एकटी सोडली नाही. स्वतः ट्रकमध्ये चढून यजमानांशेजारी बसले. मीही चढले. वाटेत भरण्याच्या ठिकाणी टाकी भरली आणि डोंगर चढलो. गावात पोचलो तर बायका घागरी घेऊन ओळीनं उभ्या होत्या. भांडण नाही, आवाज नाही. मेलेल्या सुनेची सासू दारात बसली होती. वस्ताद तिच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “गाडी मी अडवली होती, अम्मा.”

म्हातारीनं मान वर केली. “गाडीला काय झालं हुतं?”

“ब्रेक नव्हता.”

“आता हाय?”

“हाव.”

“तर मग येत जाऊ द्या,” म्हणाली, आणि तोंडावर पदर ओढला.

उतरताना यजमानांनी इंजिन चालूच ठेवलं. कुणी सांगावं लागलं नाही. गाडी वळणावळणाला अलगद थांबत होती, आणि वस्ताद मागच्या खिडकीतून हौद्यातल्या रिकाम्या टाकीकडे बघत होते. पायथ्याशी आल्यावर ते एकदम म्हणाले, “आप्पा, गाडी थांबवा.” थांबवली. खाली उतरून त्यांनी टाकीचे दोरखंड हातानं ओढून बघितले.

“भाभी, ही तर नुसती बांधलेली हाय.”

“हो. आम्हीच बांधली.”

“गॅरेजात इंजिन उचलायची चेनकप्पी हाय. रस्त्यानं दिवसभर मोकळ्या गाड्या जात होत्या. घंटाभराचं काम होतं. टाकी उचलायची, दुसऱ्या गाडीवर ठेवायची. संध्याकाळच्या आत पानी गावात.” ते दोरखंड धरून तसेच उभे राहिले. “ब्रेकचं मी बरोबर होतो. पन आपन सगळे गाडीवरच भांडलो. पान्याचं कुनाच्याच डोक्यात आलं न्हाई.”

यजमान म्हणाले, “तुमचा काय दोष, वस्ताद? मला तरी कुठं सुचलं.” मला तर असल्या गोष्टी सुचण्याचीच सवय होती. घरात मी त्यासाठीच होते.

त्यानंतर दुष्काळ सरेपर्यंत त्यांच्या गॅरेजात एक रीत पडली. पाण्याची गाडी आली की बॉनेटला हात लावायच्या आधी ते विचारत, “पानी कुठं जायचं होतं?” मग रस्त्यावर उभं राहून येणारी मोकळी गाडी अडवत, ड्रायव्हरला हात जोडत, प्रसंगी शिव्या देत, टाकी तिच्यावर चढवत, आणि नंतर दुरुस्तीला बसत. गिऱ्हाइकं वैतागायची. काही तुटलीही. “हा गाड्या दुरुस्त करतो का पाणीवाटप?” असं लोक चहाच्या टपरीवर म्हणायचे. आमची गाडी मात्र शेवटपर्यंत त्यांच्याकडेच येत राहिली. आम्ही दुसरा ट्रक घेतला, मग तिसरा, आणि कुठलीही गाडी बंद पडली की मी पहिल्यांदा माल कुठं जायचाय ते बघते, गाडीचं नंतर. ड्रायव्हर हसतात. हसू देत.

म्हातारपणी ते मुलाकडे नांदेडला गेले. दम्यानं फार बेजार होते. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा खाटेवर उशीला टेकून बसले होते, चहा शेजारी गार होत ठेवलेला. आमच्या गाड्यांची चौकशी केली, नव्या गाड्यांच्या एअर ब्रेकला दोन शिव्या दिल्या, यजमानांच्या गुडघ्याला तेल सांगितलं. मग विचारलं, “त्या गावात नळ आला का हो भाभी?”

“आला, वस्ताद. केव्हाच. घरोघरी आहे.”

“रोज येतं पानी?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्यांच्यापुढं जमलं नाही. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

“उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा,” मी म्हणाले.

“म्हंजे बायका अजून उतरत्यात,” वस्ताद म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.