सरांची चूक

अनंत सर गेल्याची बातमी मला कोणी कळवली नाही. मी समोरच होते. आज दीड महिना झाला, तरी ते खरं वाटत नाही.

आचोळ्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सर आम्हा नोकरदारांना ज्युदो शिकवायचे. वसईच्या वाडीवाल्या घरातला काटक माणूस, वय अठ्ठावन्न. तासातली पहिली वीस मिनिटं नुसता व्यायाम... एका पायावर उभं राहणं, गुडघे, खांदे, आणि मग न लागता पडणं, हनुवटी छातीला टेकवून, तळहात जमिनीवर आपटून. मी चिडवायचे, “सर, लग्नापेक्षा तयारीच मोठी!” ते म्हणायचे, “मॅडम, सोमवारी बँकेत लंगडत जायचंय का? स्वतःचा तोल सांभाळता येत नाही आणि निघाल्या समोरच्याला उचलायला.” वर्षभरात माझा दुखरा गुडघा गप्प झाला आणि माझ्या दुप्पट वजनाची माणसं मी पाडू लागले. मग चिडवणं बंद केलं.

त्यांची एक खोड होती. मध्येच, न सांगता, मुद्दाम चुकीचे पडायचे आणि डोळे मिटून पडून राहायचे. “चूक सांगा, मगच उठतो.” आम्ही भोवती जमून चूक शोधायचो. बरोबर सांगितली की उठून हसायचे.

त्या रविवारीही आम्ही एका पायावर उभे असताना सर पडले. आम्ही हसत जमलो. मीच पहिली बोलले, “सर, हनुवटी छातीला टेकली नाही.” कोणीतरी म्हणालं, “हातही आपटला नाही.” सर उठेनात. आम्ही तिसरी चूक शोधत राहिलो... किती वेळ, देव जाणे. मग मला त्यांचे निळे पडलेले ओठ दिसले.

हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, “लगेच धावला असतात तरी ते वाचले असते, असं सांगता येत नाही.” माझं मन ते मानत नाही. मला माझीच लाज वाटते.

गेल्या आठवड्यात अर्नाळ्याला मासळी घ्यायला गेले होते. ओल्या लादीवरून पाय सटकला. हनुवटी आपोआप छातीला लागली, तळहात जमिनीवर आपटला, डोकं वाचलं. सरांनीच वाचवलं. मी उठायच्या आत तीन कोळणी टोपल्या टाकून धावत आल्या. “लागला का गं बाय? खाली पानी हाय,” म्हणत एकीने मला कुशीत धरलं. खरचटलंसुद्धा नव्हतं, तरी मी तिथेच बसून रडले. माझं काय चुकलं, हे त्यांच्यातल्या एकीनेही विचारलं नाही.