पाणी आला, पाणी आलं

शेलूबाजारला बातमीदार असताना पावसाचे आकडे रोज पाठवावे लागत. परिसरात तीन पर्जन्यमापक होते. तिन्हींची बेरीज, भागिले तीन. तीच सरासरी छापून येई.

सप्टेंबरातल्या एका सकाळी आत्या आली. तलावाखाली तिचा भाजीचा मळा. पत्ताकोबीची रोपं लावणीला आली होती. हिवाळ्यातल्या पाणीपाळ्या दुपारच्या बैठकीत ठरणार होत्या आणि तलाव भरेल असं दिसलं, तरच भाजीवाल्यांना पाळी मिळणार होती. पाऊस नुकताच थांबला होता, तलावात येणारा नाला अजून वाहत होता. म्हणजे अंदाजच करायचा होता.

शेजारी निवृत्त शाखा अभियंता राहत. जिथला पाऊस तलावात उतरतो तेवढं पाणलोट त्यांनी नकाशावर आखलं. कुठली जमीन कुठल्या मापकाला जवळ, ते पाहून त्याचे तीन तुकडे केले. दहातले सहा भाग टेकडीवरच्या मापकाचे, तीन मधल्या गावाचे, आमचा एकच.

"तीननं भागू नका," ते म्हणाले. "ज्याचा तुकडा मोठा, त्याचा आकडा जड."

सप्टेंबरातल्या एका पावसाची सरासरी पन्नास मिलिमीटरच्या वर गेली तर तलाव भरतो, हा त्यांचा अनुभव होता.

आमच्याकडे सत्तर, मधल्या गावी पन्नास. टेकडीवरचा मापक तिथले गुरुजी पाहत. मी फोनवर विचारलं, "गुरुजी, पाणी किती आलं?"

"तीस."

हिशेब चाळीसवर थांबला. आत्यानं कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "तू काय इचारलं त्याहीले? आलं का आला?"

"आलं."

"मंग ते विहिरीचं सांगून राह्यले! पाऊस म्हंजे पाणी आला. पेपरात लिहू लिहू घरची बोली इसरला काय रे?"

मी पुन्हा फोन लावला. "गुरुजी, पाणी किती आला?"

"असं इचार ना बापू! साठ. तीस फूट त विहिरीत हाये."

अभियंत्यांनी नवी बेरीज केली. अठ्ठावन्न.

"आता लावू काय रोपं?" आत्यानं विचारलं.

"बैठक तरी होऊ दे," मी म्हणालो.

तोवर ती फाटकाबाहेर पोचली होती.

बैठकीत अठ्ठावन्न मान्य झाले, भाजीवाल्यांची नावं यादीत आली. पाचव्या दिवशी सांडव्यावरून पाणी पडू लागलं. त्या हिवाळ्यात आमच्या घरी पत्ताकोबी इतकी झाली, की शेजारी वाटावी लागली. आकडे मी अजूनही फोनवरच घेतो. विचारताना 'आला' म्हणतो.