मी न शिकवलेलं वाक्य

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर तुमच्या घरातल्या लेकराने काही मागितलं आणि तुम्ही त्याच्या हातात तत्त्व ठेवलंत – असं कधी झालंय? माझ्याकडून झालंय. तीन वर्षं मी ते दडवून ठेवलं. एक ती मुलगी सोडली, तर कुणालाच ते माहीत नाही.

मी पत्रकांच्या घरात वाढले. विक्रोळीच्या आमच्या खोलीत बाबांच्या मोर्च्यांची उरलेली पत्रकं असायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. पुढे स्वतःच लिहायला लागले – मराठी शाळा वाचवा, मुलांना त्यांच्या भाषेत शिकू द्या. ते मला आजही पटतं.

पूर्वा, माझ्या दादाची मुलगी, पहिलीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत होती. मुलं कमी म्हणून वर्ग बंद झाला आणि दादा-वहिनीने तिला घाटकोपरच्या एका इंग्रजी शाळेत दुसरीला घातलं. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "तू वर्ग उघडून दे ना, मी उद्या तिला परत पाठवते."

शाळेच्या आदल्या संध्याकाळी मी आणि पूर्वा वह्यांना कव्हरं घालत होतो. चिकटपट्टीचे तुकडे हातावर लावून ती बसली होती. मध्येच म्हणाली, "आत्तू, शूला जायचं असेल तर इंग्लिशमध्ये काय बोलायचं?"

पाच शब्दांचं वाक्य. मला येत नव्हतं का?

मी म्हणाले, "मराठीत विचारायचं. ताठ उभं राहून. आपली भाषा आहे, घाबरायचं कशाला?"

"पण टीचरला नाही कळलं तर?"

"तर त्यांनी शिकावं."

खरं सांगू? ते उत्तर मला आवडलं. कुठल्या तरी पत्रकात घालता येईल, असंही मनात आलं. पूर्वा हातावरची चिकटपट्टी एकेक करून सोलत राहिली. पुन्हा विचारलं नाही तिने.

तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कर्टमध्ये घरी आली. स्वतःचा पिशवीत. तिने विचारलं होतं – मराठीत, ताठ उभं राहून. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, इंग्लिशमध्ये विचार. ती उभीच राहिली, आणि उभ्या उभ्याच झालं.

वहिनी म्हणाली, "अगं, तुला साधं वाक्य कुणी सांगितलं नाही का?" पूर्वाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "या शाळाच अशा." तिने माझं नाव घेतलं नाही. मला वाचवलं तिने – की सांगून उपयोग नाही असं वाटलं तिला? सात वर्षांची होती.

आणि मी तिथे थांबले नाही. त्याच आठवड्यात त्यावर पत्रक लिहिलं. तिचं नाव घातलं नाही, शाळेचं घातलं नाही. बाकी सगळं घातलं. तो स्कर्टसुद्धा. घाटकोपर स्टेशनबाहेर वाटलं. लोकांचे फोन आले, वाचून रडू आलं म्हणाले. एक प्रत तिच्या वर्गातल्या मुलीच्या आईच्या हातात पडली. मग काय – वर्षभर पोरांनी तिला त्यावरून चिडवलं. बाई चुकल्या, हे त्या पत्रकात होतं. तिने मला आधी विचारलं होतं, हे नव्हतं.

आता ती पाचवीत जाईल. इंग्रजी फाडफाड बोलते. अभ्यासात अडलं की शेजारच्या काकूंकडे जाते, मी समोर बसलेली असले तरी. दादा एकदा म्हणाला, "अगं, आत्तूला विचार ना." ती म्हणाली, "आत्तू बिझी असते." मी बिझी नव्हते.

हे लिहिण्याआधी या वेळी मी तिची परवानगी मागितली. पूर्वा हे तिचं खरं नाव नाही, ते तिनेच निवडलं. ती म्हणाली, "लिही. पण तू काय बोललीस तेपण लिही."

लिहिलं.

शाळा पुन्हा सुरू होतायत. आज संध्याकाळी तुमच्या मुलाजवळ बसा आणि उद्या वर्गात कसली भीती वाटते, ते विचारा. कदाचित तुम्हाला हसू येईल इतकं छोटं काहीतरी सांगेल. ते जे मागेल तेवढं त्याला द्या – तिथेच, लगेच. तुमचं मत नंतर सांगा.